कोपऱ्यात कटर का ओरडतो?

मोहाडी तालुका म्हटला की आधी धानाच्या बांध्या आठवतात, मग आंधळगावचं कोशाचं कापड. पण याच तालुक्यात, मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या भंडारा रोड स्टेशनजवळ, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. १९८०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या कारखान्यातून अलॉय स्टीलच्या सळ्या बाहेर पडतात आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वाहन उद्योग. गिअर, अ‍ॅक्सल, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड हे भाग अशाच जातीच्या पोलादातून घडतात. सळीचा तुकडा साधारण १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, तो पिवळाधमक झाला की दोन डायांच्या मध्ये ठेवायचा आणि वरून हॅमरचा किंवा प्रेसचा दणका द्यायचा. पुण्यात मुंढव्याला १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज ही कंपनी याच कामातून जगभर पोचली.

दणक्याचं कौतुक सगळ्यांना असतं, डायकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. डाय म्हणजे कठीण पोलादाचा ठोकळा आणि त्यात हव्या असलेल्या भागाचा उलटा आकार. त्या खड्ड्याला कारखान्यात कॅव्हिटी म्हणतात. ती कोरताना ठोकळ्यातलं किलोच्या किलो पोलाद चिप होऊन बाहेर पडतं आणि शेवटी उरलेल्या पृष्ठभागाची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजली जाते. म्हणजे एकाच मशीनवर, एकाच ठोकळ्यात दोन अगदी वेगळी कामं करायची असतात. आधी भरपूर धातू झटपट काढायचा, ते रफिंग. मग उरलेला पातळ थर हलक्या हाताने सोलून काढायचा, ते फिनिशिंग. कटर कोणत्या रस्त्याने फिरणार हे कॅम सॉफ्टवेअरमध्ये ठरतं आणि त्या रस्त्याला टूलपाथ म्हणतात. मोहाडी-तुमसरकडची आयटीआय केलेली कितीतरी मुलं नागपूरच्या हिंगणा-बुटीबोरीत किंवा पुण्याच्या भोसरी-चाकणला व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, उभी राहतात. त्यांच्या हातात जो प्रोग्रॅम येतो त्यात वेळ, कटर आणि वीज कुठे वाया जाते, हे त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

धातू कापण्याचा पहिला कसून अभ्यास केला तो फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने. २६ वर्षं चाललेल्या प्रयोगांचा गोषवारा त्याने १९०६ साली मांडला. तोपर्यंत त्याने आठ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलाद निव्वळ प्रयोगापायी चिप करून टाकलं होतं. त्यातून निघालेला नियम आजही प्रत्येक कटरच्या कॅटलॉगमागे उभा आहे : टूलचं आयुष्य सगळ्यात जास्त ठरतं ते कापण्याच्या वेगावर. कार्बाइडचा कटर पोलादात चालत असेल आणि वेग फक्त २० टक्क्यांनी वाढवला, तर त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. कारण उष्णता. वेग वाढला की धारेवरचं तापमान चढतं आणि तापलेली धार लवकर झिजते.

टेलरचे प्रयोग लेथवरचे. तिथे टूल अखंड कापत राहतं. मिलिंगमध्ये मात्र कटर स्वतः फिरतो आणि प्रत्येक दात फेरीचा काही भाग धातूत असतो, उरलेला भाग हवेत. दात धातूत किती अंश राहतो याला एंगेजमेंट म्हणतात, आणि या प्रकरणातलं जवळपास सगळं त्या एका कोनाभोवती फिरतं. १२ मिलिमीटर व्यासाचा एन्डमिल, म्हणजे बाजूने आणि टोकाने कापणारा दंडगोल कटर, घ्या. तो आपल्या पूर्ण रुंदीने खाच पाडत पुढे निघाला तर प्रत्येक दात १८० अंश धातूत असतो. बाजूने निम्मा, म्हणजे ६ मिलिमीटर घेतला, तर ९० अंश. फक्त १.२ मिलिमीटर, म्हणजे व्यासाचा दहावा हिस्सा घेतला, तर सुमारे ३७ अंश.

आता जुन्या पद्धतीचा रफिंग प्रोग्रॅम बघू. आयताकृती पॉकेट आहे. सॉफ्टवेअर पॉकेटची कड घेतं, ती ६-६ मिलिमीटर आत सरकवत एकात एक आयत काढतं आणि कटरला त्यावरून फिरवतं. कागदावर हे फार सुबक दिसतं. सरळ रेषेत एंगेजमेंट ९० अंश आहे आणि मशीन एका सुरात चाललंय. मग काटकोनी कोपरा येतो. तिथे बाजूला भिंत आहेच, समोरही धातू उभा राहतो, आणि ९० अंशांचे १८० होतात. क्षणभर कटर पूर्ण खाचेत सापडतो. तो कुर्रर्र असा आवाज करतो, स्क्रीनवरचा स्पिंडल लोडचा आकडा झटकन वर उडी मारतो आणि कोपरा संपला की पुन्हा खाली बसतो. प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक फेरीत, प्रत्येक थरात हेच.

ऑपरेटर अशा वेळी काय करतो? फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी-जास्त करणारी ओव्हरराइडची नॉब ७० टक्क्यांवर आणतो, आवाज थांबतो, काम पुढे सरकतं. त्याची चूक काहीच नाही, कटर वाचवायलाच हवा. पण कोपरे लांबीने सगळ्या रस्त्याचा छोटासा भाग असतात आणि त्या छोट्या भागासाठी उरलेला सगळा रस्ता हळू चालतो. प्रोग्रॅमरही हेच आधीपासून करून ठेवतो. कोपऱ्यात कटर मोडू नये म्हणून फीड, कापण्याचा वेग आणि खोली तिन्ही कमी धरतो. सगळ्यात वाईट कोपरा संपूर्ण कामाचा वेग ठरवतो. माझ्या मते रफिंगमधली सगळ्यात मोठी उधळपट्टी ती हीच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही कारण मशीन चालूच असतं.

यावरचा उपाय २००० नंतरच्या दशकात कॅम सॉफ्टवेअरमध्ये आला. ट्रूमिल, व्हॉल्यूमिल, आयमशीनिंग, अ‍ॅडॅप्टिव्ह क्लिअरिंग, डायनॅमिक मिलिंग अशी कंपनीगणिक त्याची नावं आहेत. मूळ विचार एकच : रफिंगचा रस्ता जॉबच्या आकारावरून काढायचा नाही, कटरवरच्या भारावरून काढायचा. एंगेजमेंट ठरलेल्या कोनापलीकडे जाऊ द्यायची नाही, मग त्यासाठी रस्ता कितीही वेडावाकडा दिसला तरी चालेल. बांधीत ट्रॅक्टर नांगर घेऊन फिरतो तेव्हा तो धुऱ्याच्या काटकोनात घुसत नाही, वळण गोल घेतो आणि राहिलेला कोपरा मागाहून वेगळा काढतो. नव्या टूलपाथमध्ये कटर तसाच कोपऱ्याला वळसा घालतो आणि उरलेला धातू छोट्या छोट्या अर्धगोल फेऱ्यांनी थोडा थोडा खरवडत नेतो. कापून झालं की तळापासून किंचित वर उचलला जातो, मागे येतो, पुन्हा तेवढाच घास घेतो.

भार स्थिर राहिला की दुसरी एक गोष्ट हाताशी येते. बाजूने घेतलेला घास व्यासाच्या निम्म्याहून कमी झाला की चिप पातळ होत जाते. आपण दाताला ०.०६ मिलिमीटर फीड दिला असला तरी व्यासाच्या १० टक्के घासावर प्रत्यक्ष चिपची सर्वांत जास्त जाडी त्याच्या ०.६ पटच भरते. ५ टक्क्यांवर ती ०.४४ पट. इतक्या पातळ चिपमध्ये धार नीट कापत नाही, घासते, आणि घासणं म्हणजे पुन्हा उष्णता. म्हणून तीच जाडी परत मिळवायला फीड वाढवावाच लागतो. १० टक्क्यांना सुमारे १.७ पट, ५ टक्क्यांना २.३ पट. कमी घास घेऊनही फीड जुनाच ठेवणारे पुष्कळ जण असतात. त्यांना वाटतं आपण कटर जपतोय. प्रत्यक्षात तो जास्त झिजत असतो.

एक हिशेब मांडून बघू. चार दातांचा १२ मिलिमीटरचा कार्बाइड एन्डमिल, मध्यम कठीण केलेलं अलॉय स्टील, पॉकेट १२० बाय ७० आणि खोली २४ मिलिमीटर. जुन्या पद्धतीत बाजूने ६, खोलीने ६ मिलिमीटर, कापण्याचा वेग मिनिटाला १०० मीटर. म्हणजे स्पिंडल सुमारे २६५० फेऱ्यांवर, दाताला ०.०६, फीड ६३७ मिलिमीटर प्रतिमिनिट. धातू निघतो मिनिटाला जवळपास २३ घन सेंटिमीटर. नव्या पद्धतीत बाजूने १.२, पण खोली एका दमात २४ मिलिमीटर. दात फेरीतले ३७ अंशच धातूत आहे आणि उरलेला वेळ हवेत गार होतोय, म्हणून वेग १६० मीटरपर्यंत चढवता येतो. स्पिंडल ४२४४ फेऱ्या, दाताला ०.१, फीड सुमारे १७०० मिलिमीटर. धातू निघतो मिनिटाला जवळपास ४९ घन सेंटिमीटर. पॉकेटमध्ये एकंदर २०० घन सेंटिमीटर धातू आहे. निव्वळ कापण्याचा वेळ ९ मिनिटांवरून ४ मिनिटांवर आला. टेलरचा नियम इथे मोडलेला नाही. वेग वाढला, पण धारेला तापायला वेळच मिळत नाही.

शिवाय जुन्या पद्धतीत कटरची खालची ६ मिलिमीटर धारच झिजायची आणि वरची कोरी धार तशीच भंगारात जायची. आता २४ मिलिमीटर धार सारखी वापरली जाते. चिपही वेगळी दिसते : लांब, अरुंद, सुईसारखी, आणि कोरडं कापत असलो तर निळसर. तो निळा रंग म्हणजे उष्णता चिपबरोबर बाहेर गेल्याची खूण. चांगला चाललेला कट असेल तर जॉबला थांबल्यावर हात लावता येतो, तो कोमटच लागतो. अशा कटमध्ये पोलादावर कूलंटपेक्षा हवेचा जोरदार झोत बरा. तापलेल्या धारेवर फेरीगणिक पाणी पडत राहिलं तर कार्बाइडला बारीक आडव्या चिरा जातात. हवा चिपा उडवून लावते, एवढं तिचं काम पुरेसं आहे. चिप खड्ड्यात साठली आणि कटरने तीच पुन्हा कापली, तर वरचा सगळा हिशेब वाया गेला म्हणून समजा.

हिशेबातले आकडे मशीनवर जसेच्या तसे उतरत नाहीत, हेही सांगायला हवं. न कापता मागे येण्याच्या हालचालींमध्ये वेळ जातो, आणि लहान पॉकेटमध्ये तो फार जातो. मशीन जुनं असेल आणि वळणावर वेग धरू शकत नसेल, तर फीड १७०० लिहिलेला असतो पण प्रत्यक्षात ९०० मिळतो. मग चिप पुन्हा पातळ. २४ मिलिमीटर खोल कट घेताना कटरचे पिळदार दात त्याला होल्डरमधून खाली ओढतात. साध्या, जुनाट कोलेटमध्ये कटर हळूहळू सरकतो आणि तळ जास्त खोल जातो. होल्डरवर पैसे खर्च करायला मालक कां कू करतात, पण नव्या टूलपाथचा फायदा चांगल्या पकडीशिवाय मिळत नाही. कटर धातूत शिरतानाही सरळ खाली भोसकायचा नाही. एन्डमिलच्या मध्याला कापण्याची ताकद सगळ्यात कमी, म्हणून गोल जिन्यासारखा दोन-तीन अंशांच्या उताराने फिरत उतरवायचा.

आणि डायच्या भिंती सरळ उभ्या नसतात. घडवलेला भाग सुटून यावा म्हणून त्यांना पाच-सात अंशांचा ड्राफ्ट असतो. २४ मिलिमीटर एकदम खोल गेलो तर सात अंशांच्या भिंतीवर जवळपास ३ मिलिमीटर रुंदीची पायरी राहते. म्हणून आधी पूर्ण खोलीवर मोकळं करायचं आणि मग त्याच कटरने खालून वर येत ३-३ मिलिमीटरवर ती पायरी फोडत यायचं. पायरी ०.३७ मिलिमीटरवर येते. ही वर चढत येण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण तिच्यावर खूण करायचं राहून जातं आणि त्याचं बिल फिनिशिंगमध्ये भरावं लागतं.

फिनिशिंगमध्ये प्रश्न उलटा होतो. इथे धातू किती निघाला याला किंमत नाही, किती उरला आणि तो सगळीकडे सारखा आहे का, याला आहे. फिनिशिंगचा बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचा कटर बारीक आणि लांब असतो, तो दाबाने वाकतो. होल्डरबाहेरची लांबी ४० वरून ५० मिलिमीटर केली तर तेवढ्याच जोराला वाकणं जवळपास दुप्पट होतं, कारण ते लांबीच्या घनात वाढतं. त्याच्यासमोर कुठे ०.१ तर कुठे १ मिलिमीटर धातू आला तर तो कमी-जास्त वाकणार आणि तो फरक पृष्ठभागावर उमटणार. म्हणूनच मधे सेमी-फिनिशिंगची फेरी लागते. तिचं काम एवढंच की सगळीकडे ०.३ मिलिमीटरचा सारखा थर ठेवून निघून जायचं. वेळ वाचवायला हीच फेरी गाळतात, आणि मग डाय पॉलिश करणारा माणूस दिवसभर दगड घासत बसतो.

बॉलनोजच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमध्ये एक बारीक उंचवटा राहतो. त्याची उंची काढायची रीत सोपी आहे : दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग, भागिले कटरच्या त्रिज्येची आठ पट. १० मिलिमीटर व्यासाच्या कटरने ०.५ मिलिमीटर अंतर ठेवलं तर उंचवटा ६.२५ मायक्रॉन. अंतर निम्मं, ०.२५ केलं तर १.५६ मायक्रॉन. उंची पावपट झाली, वेळ मात्र दुपटीनेच वाढला. दुसरीकडून बघा : ज्या पृष्ठभागाला ६ मायक्रॉन चालतात तिथे कुणी सवयीने ०.१ मिलिमीटरचं अंतर टाकलं, तर मशीन पाचपट वेळ फिरत राहतं आणि डायच्या कामात त्याने तसूभरही फरक पडत नाही. ड्रॉइंगमध्ये मागितलेल्या फिनिशवरून अंतर काढायला हवं.

हे गणित सपाट भागाला लागू होतं. उभ्या भिंतीवर वरून बघून समान अंतरावर रेघा मारल्या तर भिंतीवरच्या रेघा एकमेकींपासून लांब लांब पडतात आणि पट्टे दिसतात. म्हणून उभ्या भागाला एकाच उंचीवर चकरा मारत खाली उतरणारा वॉटरलाइन टूलपाथ आणि पसरट भागाला रेघांचा किंवा पृष्ठभागावर मोजून समान अंतर ठेवणारा टूलपाथ, असे दोन हिस्से करतात. सीमा साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. दोन्ही हिस्से एकमेकांवर थोडे चढू द्यावेत, नाहीतर सीमेवर बोटाला लागेल असा काठ राहतो.

बॉलनोजची आणखी एक अडचण आहे. त्याचं टोक फिरतं पण सरकत नाही. मध्यबिंदूला वेग शून्य असतो, तिथे धातू कापला जात नाही, चिरडला जातो. १० मिलिमीटरचा कटर सपाट भागावर ०.२ मिलिमीटर खोल चालत असेल तर कामात येणारा त्याचा व्यास फक्त २.८ मिलिमीटर असतो. स्पिंडल ८००० फेऱ्यांवर असेल तर कागदावरचा वेग मिनिटाला २५० मीटर, आणि खरा जास्तीत जास्त ७०. तरीही कॅटलॉगमधला आकडा १० मिलिमीटरच्या व्यासाला लावून स्पिंडल हळू ठेवलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. पाच अक्षांचं मशीन असेल तर कटर १०-१५ अंश कलता ठेवून टोक वाचवता येतं. तीन अक्षांवर निदान फेऱ्या खऱ्या व्यासावरून काढाव्यात, आणि पूर्ण सपाट तळ असेल तर बॉलनोज बाजूला ठेवून कोपऱ्याला गोलाई असलेला चपटा एन्डमिल लावावा.

रफिंगमधला तो ओरडणारा कोपरा फिनिशिंगमध्ये वेगळ्या रूपात भेटतो. डायमध्ये तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे ५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई आहे आणि कटरही ५ मिलिमीटर त्रिज्येचा आहे. कटर गोलाईत पोचला की त्याचा अर्धा गोल एकदम धातूला टेकतो आणि थरथरतो. गोलाईत लाटा दिसतात. तिथे ४ मिलिमीटर त्रिज्येचा कटर लावला तर तो गोलाई हळूहळू वळत काढतो. उरलेल्या जागेपुरता छोटा कटर वापरण्याला रेस्ट मशीनिंग म्हणतात, आणि आधीच्या कटरने नेमकं काय सोडलं हे सॉफ्टवेअरला माहीत असेल तरच ते उपयोगाचं.

रस्त्याची वळणं मशीनला कळतात ती बारीक सरळ तुकड्यांच्या रूपात. तुकडे सरासरी ०.१ मिलिमीटरचे आणि फीड २००० असेल तर मशीनच्या कंट्रोलला सेकंदाला प्रोग्रॅमच्या ३३३ ओळी वाचाव्या लागतात. न झेपल्यास तो थबकत चालतो आणि प्रत्येक थबकण्याचा ठिपका पृष्ठभागावर राहतो. फिनिशिंगला टॉलरन्स, म्हणजे खऱ्या वळणापासून ढळण्याची मुभा, बारीक हवाच, पण रफिंगला ०.००५चा टॉलरन्स टाकून प्रोग्रॅम फुगवण्यात काहीच हशील नाही. तिथे ०.०५ पुरे, आणि शक्य तिथे तुकड्यांच्या जागी वर्तुळाचे चाप पाठवावेत. पुढच्या ओळी आधीच वाचून वेग सांभाळण्याची सोय कंट्रोलमध्ये असते. ती प्रोग्रॅममध्ये चालू केली आहे का, हे सेटरने एकदा बघून घ्यावं.

डायचं आयुष्य तेवढ्यावर संपत नाही. हजारो घाव सोसून कॅव्हिटी झिजते, कडा गोल होतात, उष्णतेने बारीक भेगा पडतात. तेव्हा ठोकळ्याचा वरचा थर मिल करून काढतात आणि तीच कॅव्हिटी तितकीच खाली पुन्हा कोरतात. याला री-सिंकिंग म्हणतात. ठोकळा आता पूर्ण कठीण असतो, कठीणपणाच्या रॉकवेल मापात ४० एचआरसीच्या आसपास, त्यामुळे बाजूने मोठा घास घेण्याचा प्रश्नच येत नाही. जुनी कॅव्हिटी बहुतेक तयारच असते, काढायचा असतो तो सभोवतालचा काही मिलिमीटरचा थर. इथे पहिल्या वेळचाच प्रोग्रॅम नुसता खाली सरकवून चालवला तर कटर बराच वेळ रिकाम्या खड्ड्यात हवा कापत फिरतो. त्याऐवजी जुन्या कॅव्हिटीचं मॉडेल, वरून काढलेला थर वजा करून, सॉफ्टवेअरला कच्चा माल म्हणून द्यावं, बाजूने व्यासाच्या पाच-सात टक्क्यांहून जास्त घेऊ नये, फीड चिपच्या जाडीवरून पुन्हा काढावा आणि भेगा जिथपर्यंत गेल्या आहेत तिथवरचा धातू रफिंगमध्येच निघतोय ना, हे फिनिशिंगचा कटर लावण्याआधी दिव्याखाली बघावं.